सोडलेली शिंगरं

जिपारच्या झग्याची बटणं हल्ली तिची चार वर्षांची लेक सेझिम लावून द्यायची. पोरीला तो खेळ वाटायचा. एखादं बटण चुकीच्या काजात गेलं की ती खुदकन हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. जिपार मुकाट्याने बसून राहायची. सकाळी उठल्या उठल्या तिची बोटं वाकतच नसत. गरम चहाची वाटी दोन्ही तळव्यांत धरून बसलं की कुठे हळूहळू सैल पडायची. नवऱ्याला, ईशेनला, हे दिसत होतं. पण तो काही विचारत नव्हता आणि ती काही सांगत नव्हती. विचारलं असतं तर पुढचं बोलणं निघालं असतं, आणि त्या बोलण्याची दोघांनाही धास्ती होती.

मे महिन्यात डोंगरातल्या सुसामिरच्या कुरणांवर आले तेव्हा घोड्यांच्या मालकाशी, शांबेतशी, त्यांचं ठरलं होतं बारा घोड्यांचं. ईशेनने घोड्या राखायच्या, जिपारने दिवसातून पाच वेळा धारा काढायच्या, दूध कातड्याच्या बुधल्यात ओतून घुसळायचं, आणि आठवड्याला शांबेत जीप घेऊन आला की त्या दुधाचं आंबून झालेलं किमिझ कॅनमध्ये भरून द्यायचं. हंगामाचा पगार ठरला, वर शरद लागला की एक शिंगरी. बारा घोड्या एका बाईला झेपतात. जिपारची आईही तेवढ्याच काढायची.

पण त्या वर्षी शहरातली माणसं किमिझ प्यायला लोटली. कुणाला खोकला, कुणाला पोटाचा विकार, कुणाला नुसतीच हवापालट हवी. शांबेतने ओढ्याकाठी पाहुण्यांसाठी तंबू ठोकले आणि जूनमध्ये सहा घोड्या आणखी आणून सोडल्या. जुलैच्या सुरुवातीला आणखी सात. पाहुण्यांचा चहा, तळलेल्या पोळ्या, संध्याकाळचा रस्सा हेही मग जिपारच्याच गळ्यात पडलं. दर खेपेला तो सुनेशी बोलावं तसं हसत म्हणायचा, "तुझ्या हाताला गुण आहे, केलिन. घोड्या तुझ्यापाशी जसा पान्हा सोडतात तसा कुणापाशी सोडत नाहीत." आणि एवढं कौतुक करून जीपमध्ये बसून निघून जायचा. पगाराचं नाव नाही.

घोडीची धार म्हणजे गाईची धार नव्हे. आधी शिंगराला तोंड लावू द्यायचं, पान्हा फुटला की लगेच ओढून बाजूला घ्यायचं, एक गुडघा जमिनीला टेकून दुसऱ्यावर बादली तोलायची आणि झटझट काढून मोकळं व्हायचं. जरा रेंगाळलं की घोडी दूध चोरते. आणि ही झाली एक घोडी. पंचवीस घोड्या संपवून जिपार कंबर सरळ करायची तोवर पहिलीची पुन्हा वेळ झालेली असायची.

मग बोलत का नव्हती? त्याला कारणं दोन.

एक म्हणजे ईशेन. तीन वर्षांपूर्वी तो खाली एका मोठ्या असामीच्या घोड्या राखायचा. वसंतातल्या वादळात अर्धा कळप बर्फाने झाकलेल्या घळीत गेला. ईशेनही मरता मरता वाचला, पण त्याबद्दल कुणाला काय. त्यानंतर त्या मुलखात त्याला कुणी काम देईना. नाव निघालं की लोक दुसरीकडे बघायचे. तीन हिवाळे त्याने दुसऱ्यांची कुंपणं दुरुस्त करून काढले. शेवटी शांबेतने विचारलं. म्हणाला, "चूक वादळाचीही असते." ते वाक्य ईशेन विसरला नव्हता. शांबेतचं नाव घेतानाही त्याचा आवाज खाली यायचा.

दुसरं कारण ओढ्यापलीकडच्या वडीलधाऱ्या बुरुल-एजेने सांगितलं होतं. बुरुल तिथल्या मालकाच्या, सेयितच्या, घोड्यांच्या धारा काढायची, जिभेने सैल पण मनाने चांगली. गेल्या साली शांबेतकडे जे जोडपं होतं त्यांनी पगार वाढवून मागितला, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी हा दोन माणसं घेऊन आला आणि त्यांचा लोकरीच्या नमद्यांचा तंबू उखडून सगळं सामान ट्रकने खाली रस्त्यावर नेऊन टाकलं. भर पावसात, लहान पोरासकट. "नमदे फाटले त्यांचे, पोरी. लग्नातले नमदे," बुरुल म्हणाली होती.

जिपारच्या तंबूचे नमदे तिच्या आईने स्वतः लोकर पिंजून केले होते. आई आता नव्हती. त्या दिवसापासून शांबेतची जीप वळणावर दिसली की जिपारची नजर आधी नमद्यांकडे जायची.

तरी बोलायचं तर होतंच. धार काढता काढता ती घोड्यांनाच शांबेत समजून, बाइके म्हणजे थोरला भाऊ म्हणत, बोलून बघायची. काळ्या घोडीला म्हणायची, बाइके, तुमचे आमच्यावर उपकार आहेत. मग पुढचं काही सुचायचं नाही. तांबड्या घोडीशी दुसरी सुरुवात. बाइके, रागावणार नसाल तर एक बोलू का? तीही आवडायची नाही, कारण रागावेन म्हणाला तर? घोड्या कान हलवायच्या. शेवटी तिने ठरवलं की आधी आभार मानायचे, मग ईशेनबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे, आणि मग अगदी अलगद पगाराकडे वळायचं.

पुढच्या खेपेला शांबेत आला तेव्हा ईशेन डोंगरावर होता. शांबेत तंबूबाहेर नमद्यावर मांडी घालून बसला. थोराड, लाल चेहऱ्याचा माणूस, टोपी नेहमी मागे सरकवलेली. जिपारने किमिझचा वाडगा पुढे केला. त्याने अर्धा एका दमात संपवला, मिशी पुसली आणि सहज म्हणावं तसं म्हणाला, "आणखी आठ घोड्या आणतोय. माझ्या साडूच्या आहेत. नुसत्या चरतायत बिचाऱ्या, धार काढायला माणूस नाही."

जिपारच्या कानात गरम वारं शिरल्यासारखं झालं. आभार, ईशेनबद्दलचे शब्द, सगळं कुठल्या कुठे गेलं.

"बाइके, पगार बारा घोड्यांचा आहे," ती म्हणाली.

"काय?"

"आपलं बोलणं बाराचं झालं होतं. आता दुपटीवर गेल्या. वर पाहुण्यांचं खाणंपिणं. पगार तेवढाच आहे."

आवाज तिचा तिलाच ओळखू येत नव्हता, कुणीतरी दुसरीच बाई बोलत असल्यासारखा. शांबेतने वाडगा खाली ठेवला. तिच्याकडे न बघता त्याने ओढ्याकडे नजर वळवली. तिथे दोन पाहुणे टॉवेल खांद्यावर टाकून फिरत होते.

"ईशेनने सांगितलं असं बोलायला?"

"नाही. त्याला ठाऊकही नाही."

"असं."

एवढंच. तो उठला. कॅन उचलायला ती नेहमीसारखी पुढे झाली, तर त्याने हाताने तिला बाजूला सारलं आणि सगळे कॅन एकट्याने जीपमध्ये चढवले. गाडी सुरू केल्यावर खिडकीतून म्हणाला, "मी उद्या येतो."

शांबेत आजवर लागोपाठ दोन दिवस कधी आला नव्हता. जीप दिसेनाशी झाल्यावरही जिपार तिथेच उभी राहिली. पुढच्या धारेची वेळ झाली, शिंगरं खिंकाळायला लागली, तेव्हा ती भानावर आली. त्या धारेला काळ्या घोडीने दूध सोडलंच नाही. जनावराला भीतीचा वास येतो म्हणतात.

ईशेन परत आला तेव्हा तिने त्याला खोगीर उतरवायच्या आधीच सांगून टाकलं. तो पट्टा सोडता सोडता थांबला. तो ओरडेल, निदान चिडेल, असं तिला वाटलं होतं. त्याने खोगीर काढलं, घोड्याची पाठ गवताच्या बोळ्याने सावकाश पुसली आणि मग विचारलं, "काय म्हणाला?"

"उद्या येतो म्हणाला."

ईशेन खाली बसला. "तू बरोबर बोललीस," तो म्हणाला. पण असा म्हणाला की त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला झालं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "यानेही काढलं तर मग कुणीच ठेवणार नाही मला. हिवाळ्यात कुठे जायचं ते मला माहीत नाही."

रात्र कशी सरली ते त्या दोघांनाच ठाऊक. सकाळची पहिली धार जिपारने नेहमीसारखी काढली. न काढून काय करणार? दूध बुधल्यात ओतत होती तेवढ्यात टेकाडावरून ईशेनने हाक मारली.

त्या कुरणांवर खालून येणारी गाडी बऱ्याच आधी दिसते. एक एक वळण घेत ती वर चढते, टेकडीआड जाते, पुन्हा निघते. ईशेनने दुर्बीण डोळ्यांना लावली होती. पुढे शांबेतची जीप, तो म्हणाला, आणि मागे ट्रक. उंच फळ्यांचा, सामान वाहायचा. जिपारने त्याच्या हातातून दुर्बीण ओढून घेतली. तिला आधी नुसती धूळ दिसली, मग ट्रक, आणि ट्रकमध्ये फळीला धरून उभी असलेली दोन माणसं.

दोन माणसं.

"आईचे नमदे," ती म्हणाली.

ईशेनने मान हलवली. "त्यांच्या हाताला लागू द्यायचे नाहीत. आपणच काढू."

दोघं धावत खाली आले. तंबू उभारायला जितका वेळ लागतो तितका उतरवायला लागत नाही, आणि भीतीने हात कसे चालतात ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. जिपारने दोर सोडले. बोटांत कळा येत होत्या, पण ती बोटं जणू तिची नव्हतीच. नमदे गुंडाळले, माथ्याचं लाकडी कडं खाली घेतलं, काठ्या बांधल्या. गाद्या, पातेली, सेझिमची लोकरीची बाहुली, सगळं गाठोड्यांत. सेझिम एका गाठोड्यावर चढून बसली आणि मावशीकडे जायचं का, म्हणून विचारत राहिली.

सगळं झाल्यावर ईशेनची नजर दोराला ओळीने बांधलेल्या शिंगरांवर गेली. धारेसाठी शिंगरं दिवसभर बांधून ठेवतात, नाहीतर सगळं दूध तीच पिऊन टाकतील.

"आपण गेल्यावर यांना कोण सोडणार?" तो म्हणाला. "उपाशी राहतील."

"तो म्हणेल, मुद्दाम केलं."

"म्हणू दे," ईशेन म्हणाला, पण त्याचाही चेहरा उतरला होता. तरी त्याने एकेक शिंगरू सोडलं. ती उधळत आपापल्या आईकडे गेली आणि पोटाखाली डोकी घालून लुचायला लागली. तेवढ्यात शेवटच्या चढावर जीपचा आवाज आला.

ते दोघं गाठोड्यांपाशी उभे राहिले. ईशेनने टोपी काढून हातात घेतली होती. जिपारने सेझिमला उचलून कडेवर घट्ट धरलं, इतकं घट्ट की पोर कुरकुरली.

शांबेत जीपमधून उतरला. तंबू होता तिथला पिवळा पडलेला गवताचा गोल त्याने बघितला, बांधलेली गाठोडी बघितली, मग घोड्यांकडे बघितलं. शिंगरं मजेत दूध पीत होती. त्याचा लाल चेहरा आधी आणखी लाल झाला आणि मग पार उतरला. आता, जिपारला वाटलं. आता सुरू होईल.

"कुठे निघालात?" त्याने विचारलं.

ईशेनने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सेयितने बोलावलं ना? पलीकडे? मला ठाऊकच होतं, त्याचा डोळा होता तुमच्यावर." तो एक पाऊल पुढे आला. "किती देतो म्हणाला?"

कुणी बोलावलं नाही हो, तुमच्या भीतीने आम्हीच आवरलं, एवढं जिपारला सांगायचं तर होतं. पण आवाजच निघेना. ती नुसती बघत राहिली. शांबेतने त्या गप्प राहण्याचा भलताच अर्थ घेतला.

"दीडपट देतो," तो म्हणाला.

ट्रकमधली दोन माणसं खाली उडी मारून मागची फळी उघडत होती, आणि जिपारचं सगळं लक्ष त्यांच्याकडे होतं. फळी धाडकन पडली. आतून खिंकाळी ऐकू आली. एक करडी घोडी बिचकत बिचकत फळीवरून उतरली, तिच्यामागे शिंगरू, मग दुसरी घोडी. ती माणसं लगाम धरायला आली होती. साडूच्या घोड्या. ट्रक त्यांच्यासाठी होता.

हे जिपारच्या डोक्यात शिरेपर्यंत शांबेत पुढे बोललाही होता. "बरं, दुप्पट. हंगाम संपेपर्यंत." आणि मग तो त्यांच्याच एका गाठोड्यावर मटकन बसला. "गेल्या साली असंच झालं. ती दोघं पगाराचं बोलली, मी म्हटलं उद्या येऊन बोलू. आलो तर तंबू नाही, माणूस नाही, शिंगरं मोकळी. माणूस मिळेपर्यंत घोड्या आटल्या. पाहुण्यांपुढे मी काय ठेवलं माझं मला माहीत. आजही बोलायलाच आलो होतो ना मी. काय चुकलं माझं?"

बुरुलने सांगितलेलं खरं की हा सांगतोय ते, जिपारला कळेना. ते तिला पुढेही कधी कळलं नाही. पण समोर बसलेला माणूस पुन्हा पुन्हा मोकळ्या शिंगरांकडे बघत होता, एवढं तिला दिसत होतं.

ईशेनला मात्र राहवलं नाही. ज्याने आपल्याला वाईट दिवसांत काम दिलं त्याला असं बसलेलं बघून त्याचा जीव कळवळला. "बाइके, आम्ही खरं तर–" त्याने सुरुवात केली.

तो काय सांगणार ते जिपारला पक्कं ठाऊक होतं. तिने त्याची बाही धरली. या क्षणी ती काल होती त्याहून जास्त घाबरलेली होती, कारण काल गमवायचं काय ते माहीत होतं आणि आज हातात येत असलेलंही निसटणार होतं.

"दुप्पट पगार," ती म्हणाली. "आणि या नव्या घोड्यांना दुसरी बाई आणा. पाहुण्यांचं मी बघते. पण याहून जास्त धारा मला झेपणार नाहीत." तिने सेझिमला खाली ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. बोटांचे सांधे सुजून गोल झाले होते.

शांबेत त्या हातांकडे बघत राहिला. "आधी का नाही बोललीस?"

"तुमची भीती वाटते," जिपार म्हणाली. हे काही तिने घोड्यांपाशी घोकलेलं नव्हतं.

"माझी?"

ट्रकवाल्या माणसांपैकी एकजण हसला आणि शांबेतने वळून बघताच गप्प झाला. शांबेतने टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. त्याला राग आला होता की वाईट वाटलं होतं ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हतं. अखेर तो म्हणाला की बायकोची बहीण कुंदुज घरी रिकामीच आहे, तिला आणतो. ती येईपर्यंत नव्या घोड्यांची शिंगरं बांधू नका. आणि पाहुण्यांना आज किमिझ कमी पडलं तर चहा पाजा, सांगा घोड्या रुसल्यात.

मग तंबू पुन्हा उभा करायचा होता. माथ्याचं कडं काठीवर तोलून धरायला एक दणकट माणूस लागतो, तोवर बाकीचे भोवतीच्या काठ्या खोचतात. ट्रकवाले घोड्यांत गुंतले होते. शांबेतने ते कडं उचललं आणि मधोमध उभा राहिला. जिपार आणि ईशेन दोन्ही बाजूंनी काठ्या खोचत गेले. शांबेतच्या मानेवरून घामाचे ओघळ येत होते. नमदे चढवताना त्याने विचारलं, हे कुणी केलेत. आईने, जिपार म्हणाली. चांगले आहेत, तो म्हणाला.

तो गेल्यावर ईशेन म्हणाला की आपण त्याला फसवलं. जिपार म्हणाली की तिने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. यावर ते दोघं पुढे बरेच दिवस मधूनमधून भांडत राहिले, हलक्या आवाजात, सेझिम झोपल्यावर.

कुंदुज चार-सहा दिवसांनी आली. तोंडाने फटकळ, सकाळी उठायला आळशी, पण हात चांगला चालायचा तिचा. जिपारच्या बोटांची सूज उतरायला ऑगस्ट उजाडला. पगार मात्र ठरल्यासारखा पुरा मिळाला. शिंगरी देताना शांबेतने कळपातली सगळ्यात किरकोळ निवडून दिली. त्यावर जिपार बोलणार होती, पण ईशेनने तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प बसली.

जीप वळणावर दिसली की नजर आधी नमद्यांकडे जायची, तो धसका तसाच राहिला. तिला वाटलं होतं तो आता जाईल. गेला नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये शांबेतचा फोन आला. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. "केलिन," तो म्हणाला, "यंदा काय?" ईशेनला विचार, असं म्हणाला नाही.

जिपारने कपड्यांच्या दोरीला धरलं. किती घोड्या, किती पगार, दुसरी बाई पहिल्या दिवसापासून हवी, आणि शिंगरी मी निवडणार. मध्ये एकदा श्वास घ्यायला थांबावं लागलं, पण सगळं सांगितलं.

"बघतो. कळवतो," शांबेत म्हणाला आणि फोन बंद झाला.

दोन दिवस ती फोन खिशातून काढून काढून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. शिंगरीवर त्याने बरीच घासाघीस केली आणि मग हो म्हणाला. जिपारने फोन खिशात ठेवला, घराच्या पायरीवर बसली, आणि मग ईशेनला सांगायला आत गेली.